पावतीवरचा पहिला आकडा

अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर-अंजनगावच्या पट्ट्यातल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर मी अकरा हंगाम पावत्या फाडल्या. कापसाची गाडी काट्यावर चढते, खिडकीतल्या डब्यावर लाल आकडे धावतात, हळूहळू स्थिरावतात, मी बटण दाबतो आणि पावतीवर पहिला आकडा उमटतो. ते भरल्या गाडीचं वजन. गाडी आत जाते, कापूस खाली होतो, परत येते आणि दुसरा आकडा उमटतो. ते रिकाम्या गाडीचं. पहिल्यातून दुसरा वजा केला की तिसरा, म्हणजे मालाचं निव्वळ वजन. शेतकरी खिडकीशी येऊन तिसरा आकडा विचारतो. त्याच आकड्याला भावाने गुणून त्याचे पैसे व्हायचे असतात, वर्षभराची मेहनत त्या एका आकड्यात असते, म्हणून तो चष्मा पुसून दोनदा वाचतो. वाचलाच पाहिजे. पण अकरा हंगामांत पहिला आकडा मला एकानेही विचारला नाही. ना शेतकऱ्याने, ना गाडीवाल्याने, ना व्यापाऱ्याने, ना कोण्या साहेबाने.

मला बोलायचं आहे ते या पहिल्या आकड्याबद्दल. आमच्याकडे पिकअप, छोटा हाथी (छोटा टेम्पो), काळीपिवळी (प्रवासी जीप) या गाड्या किती वजन घेऊन रस्त्यावर धावतात हे कोणालाच माहीत नाही, असं आपण धरून चालतो. हंगामात ते वजन रोज मोजलं जातं, छापलं जातं आणि घडी घालून खिशात ठेवलं जातं. कोणी वाचत तेवढं नाही. ते न वाचल्यामुळे माणसं मरतात, असं माझं ठाम मत आहे.

एक गाडी सांगतो. दिवाळीच्या तोंडावर एका ओळखीच्या पोराची पिकअप सोयाबीन घेऊन काट्यावर आली. बाजार समितीत नेण्याआधी मालधन्याला वजनाची खात्री करून घ्यायची होती. डाल्यात, म्हणजे मागच्या हौद्यात, २८ कट्टे (पोती), केबिनमध्ये तो आणि मालधनी, कट्ट्यांवर तीन हमाल. आकडा आला ३,७९०. मी त्याला आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मागितली. त्याला वाटलं काही लफडं झालं. आरसीवर भरलेल्या गाडीचं वजन २,९९० किलो लिहिलेलं होतं. म्हणजे गाडी ८०० किलोने जास्त होती.

“पासिंग पाहून कोनी भाडं देते काय, भाऊ? गाडी त ओढते न.”

‘गाडी ओढते’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. ते खोटं नाही. इंजिन ओढतंच. बंडीच्या काळात वजनाचा हिशेब बैल ठेवायचे. जास्त झालं की बैल मान टाकायचा, बसायचा, आणि धन्याला दोन पोती उतरवावी लागायची. चढ आला की शेतकरी स्वतः बंडीतून उतरून चालायचा, मागून हात लावायचा. जनावराची कणव होती. इंजिन मान टाकत नाही. त्याची ताकद लागते ती निघताना आणि चढावर. वजनाची खरी परीक्षा मात्र होते ती थांबताना, वळताना आणि उतारावर, आणि तिथे इंजिनाची ओढ कामाची नसते. तिथे ब्रेक, टायर आणि पाटे (चाकांवरचे लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग) असतात. भरल्या गाडीचं वजन ठरवताना कंपनी सगळ्या भागांचा विचार करते. गाडी ओढेल तेवढं नव्हे, तर भरवशाने थांबेल आणि वळेल तेवढं ते वजन असतं.

त्या दिवशी मी त्याला दोन कामं सांगितली. पहिलं, फक्त मागची चाकं काट्यावर घे. आकडा आला २,४८०. मागे दोनच टायर, म्हणजे एकेका टायरवर १,२४० किलो. टायरच्या कडेला १०६ हा आकडा छापलेला होता. गाडीवाले त्याच्याकडे कधी बघत नाहीत, पण त्या आकड्याला अर्थ असतो. टायरवरच्या या आकड्यांचा तक्ता जगभर एकच आहे: ८६ म्हणजे ५३० किलो, १०० म्हणजे ८००, १०६ म्हणजे ९५०. तोही कंपनीने सांगितलेली हवा भरलेली असेल तेव्हा. म्हणजे ९५० किलोच्या टायरवर १,२४० किलो बसले होते, आणि ती गाडी डांबरी रस्त्याने साठच्या वेगाने आली होती.

दुसरं काम, रिकामी झाल्यावर परत ये आणि सगळे खाली उतरा. तो आला. रिकाम्या गाडीचा आकडा १,८४०. आरसीवर रिकामं वजन १,६९०. हे १५० किलो कुठून आले म्हणून आम्ही दोघं गाडीभोवती फिरलो. डाल्यावर वेल्डिंग करून बसवलेली उंच लोखंडी जाळी, कापूस भरायला सोयीची. मागे घातलेले जादा पाटे, दोन्ही बाजूंना. दुसरी स्टेपनी. जाड ताडपत्री, दोर, साखळी, मोठा जॅक, पाण्याची कॅन. यातली एकही वस्तू चैनीची नाही. पण आरसीनुसार त्या गाडीला १,३०० किलोची मुभा होती, आणि त्यातले १५० किलो माल भरण्याआधीच संपले होते. कायद्यात रिकाम्या वजनाची जी व्याख्या आहे तिच्यात ड्रायव्हर आणि त्याचा सोबती धरत नाहीत. त्यांचं वजनही या १,३०० मधूनच जातं. ड्रायव्हर आणि मालधनी मिळून दीडशेच्या घरात धरा. राहिले हजार किलो. साठ किलोच्या आतबाहेरचे सतरा कट्टे. तिथे २८ होते.

आमच्याकडे ‘दीड टन पासिंग’, ‘सव्वा टन पासिंग’ असं सर्रास बोलतात आणि तेवढा माल चालतो असं समजतात. गाडी नवी, उघडी, शोरूममधून निघालेली आणि आत कोणी बसलेलं नसेल, तर तो आकडा खरा. वापरातली गाडी तशी कधीच नसते.

पाट्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यांची फसगत तिथे होते. गाडी मागून बसायला लागली की मालक मिस्त्रीकडे जातो, मिस्त्री दोन पाटे वाढवून देतो, गाडी परत ताठ उभी राहते. मालकाला वाटतं गाडीची ताकद वाढली. वाढली ती फक्त कमानीची. अॅक्सल तेच, टायर तेच, ब्रेक तेच. उलट गाडी बसत होती तेव्हा निदान डोळ्याला तरी कळत होतं की वजन जास्त झालं. पाटे घातल्यावर तेही कळायचं बंद झालं. आणि पुढे कायद्यातलं एक वाक्य आहे जे मला एकाही गाडीवाल्याने कधी सांगितलं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ११३ व्या कलमात भरलेलं वजन नोंदीपेक्षा जास्त नको हे तर आहेच, पण रिकामं वजनही नोंदीपेक्षा जास्त नको असं स्वतंत्र लिहिलं आहे. म्हणजे ती पिकअप रिकामी उभी असतानाही कायद्याबाहेर होती.

डोळ्यावर विसंबून राहण्याचा आणखी एक तोटा. कापसाने भरलेली गाडी बघा. जाळीच्या वर माणूसभर उंच ढीग, दोन्ही बाजूंनी लोंबणारा, समोरून येणारा दुचाकीवाला घाबरून साईडपट्टीवर उतरतो. ती काट्यावर चढली की बहुतेक वेळा वजन बेतातच निघतं, कारण कापूस फुगलेला असतो. तिचा धोका उंचीचा आणि रुंदीचा. आता डीएपी खताची गाडी बघा. पन्नास किलोची ४० पोती, तीन थरांत, फाळक्याच्या खालीच झाकलेली. लांबून गाडी अर्धी रिकामी वाटते. आत दोन टन असतात. रस्त्यात अडवली जाते ती कापसाची गाडी. पाण्याचंही तसंच. खारपाणपट्ट्यात आम्ही गोडं पाणी गाडीवर टाकी ठेवून आणतो. हजार लिटर पाणी म्हणजे बरोबर एक टन, टाकी वेगळी, आणि पाऊण टनाच्या छोट्या हाथीवर ती मी स्वतः बघितली आहे. त्यात टाकी काठोकाठ भरलेली नसेल तर पाणी वळणावर बाहेरच्या बाजूला धावतं आणि गाडीला त्याच बाजूला ओढतं.

काट्यावरचं वजन उभ्या गाडीचं असतं, हेही लक्षात घ्यायला हवं. रस्त्यावर वजन एका जागी राहत नाही. ब्रेक मारला की पुढे सरकतं, वळणावर बाहेर, चढावर मागे. डाल्याच्या मागच्या टोकाला जास्त भार टाकला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात तरंगल्यासारखं लागतं. ड्रायव्हर म्हणतात, ‘गाडी पोहते’. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन वर्षांत लाटांसारखा होतो. त्या लाटेवरून जड गाडी उतरली की क्षणभर टायरवर काट्यावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त भार येतो. टायर फुटतो तो तेव्हा. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, ‘टायर फुटल्याने पिकअप उलटली’, ‘ब्रेक निकामी झाल्याने अपघात’. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना ब्रेक तापतात, कारण ब्रेकचं कामच धाव उष्णतेत बदलण्याचं. वजन सव्वापट झालं तर त्याच वेगाला उष्णताही सव्वापट. वेग दुप्पट झाला तर चौपट. बातमीत वजनाचा आकडा नसतो, कारण अपघातानंतर गाडीचा काटा कोणी करत नाही. उलटलेली गाडी सरळ करतात तेव्हा ती रिकामी असते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वजनाचा विषय निघाला की लोक लगेच खराब रस्त्यांवर येतात आणि छोट्या गाड्यांनाही त्यात ओढतात. ते बरोबर नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर ट्रक फिरवून चाचणी घेतली गेली. तिच्यातून रस्ते बांधणारे अजून वापरतात तो ढोबळ नियम निघाला: अॅक्सलवरचा भार वाढला की रस्त्याचं नुकसान त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. भार दुप्पट, तर नुकसान सोळापट. अॅक्सल फक्त २० टक्क्यांनी जड झाला तरी नुकसान दुपटीच्या वर जातं. एक ब्रास रेती म्हणजे १०० घनफूट, कोरडी असली तरी साडेचार टनांच्या आसपास, आणि नदीतून काढलेली ओली रेती त्याहून जड. आमच्या गावचा रस्ता मोडला तो रात्री जाणाऱ्या रेतीच्या टिप्परांनी. दोन-अडीच टन अॅक्सलवर घेणारी पिकअप त्या हिशेबात नगण्य आहे. पिकअपचं जादा वजन रस्त्याला भारी पडत नाही, ते आत बसलेल्यांना भारी पडतं. म्हणून टिप्परचा प्रश्न वेगळा ठेवून मला या छोट्या गाड्यांबद्दलच बोलायचं आहे.

यात सगळ्यात जास्त जीव जातो तो मजुरांचा. सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, मेळघाटातून कोरकू कुटुंबं आमच्या पट्ट्यात उतरतात. कापूस वेचणीला गावोगावच्या बाया सकाळी सहाला चौकात उभ्या राहतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. यांना नेते ती मालाचीच पिकअप. डाल्यात पंचवीस बाया, उभ्या, एकमेकींचा खांदा धरून, विळे आणि डबे पायाशी, लेकरं मांडीशी. पंचवीस बायांचं वजन पन्नासच्या हिशेबाने साडेबाराशे किलो. वर जाळी आणि पाटे मोजा, केबिनमधले तिघं मोजा, आणि गाडी पासिंगच्या वर गेली. पण यात नुसत्या किलोंचं बघून भागत नाही. कट्टे डाल्यात खाली बसतात, उभ्या माणसाचं वजन कमरेच्या उंचीवर असतं. तेवढाच आकडा, पण गाडी कितीतरी लवकर कलंडते. कट्टे दोराने बांधतात. बायांना कोणी बांधत नाही आणि बांधूही नये. त्यांना तिथे उभंच करू नये.

आणि गाडी उलटलीच तर? मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याने पाठवलेला माणूस धरला जातो. मालाशी संबंध नसलेल्या, अशाच बसवलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीच्या गळ्यात पडत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. वेचणीला निघालेली बाई मालाची मालक नसते. प्रवासी गाडीतही भरवसा पुरता नाही. हिमाचलातल्या एका बसच्या खटल्यात ४२ प्रवाशांचा विमा होता आणि बसमध्ये नव्वदच्या घरात माणसं होती. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की विमा कंपनीची जबाबदारी जेवढ्या माणसांचा विमा तेवढ्यापुरतीच. ती रक्कम मग सगळ्या जखमींमध्ये आणि मृतांच्या वारसांमध्ये वाटायची, उरलेलं गाडीमालकाकडून वसूल करायचं. हप्त्यावर घेतलेल्या एका जुन्या गाडीच्या मालकाकडून काय वसूल होणार? मी हे निकाल माझ्या गावातल्या मुकादमाला वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याने दोन खेपा केल्या. तिसऱ्या दिवशी परत एकच, कारण वावराच्या मालकाने दुसऱ्या खेपेचं डिझेल द्यायला नकार दिला.

इथे मला विरोधातलं म्हणणंही मांडलं पाहिजे, कारण ते माझ्याच माणसांचं म्हणणं आहे. गाडीवाला म्हणतो, माझा महिन्याचा हप्ता, विमा, टायर, डिझेल आणि दर खेपेचं भाडं जुळवून बघा, पासिंगइतकंच भरलं तर गाडी बँकेत जमा करावी लागेल. शेतकरी म्हणतो, एका खेपेच्या दोन झाल्या तर क्विंटलमागे वाहतूक दुप्पट होते, आणि भाव तर मी ठरवत नाही. दोघंही खरं बोलतात. म्हणूनच नुसता दंड वाढवण्याला माझा पाठिंबा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला आणखी २,००० असा दंड केंद्राच्या कायद्यात आहे. तो भरतो गाडीवाला, ज्याच्या हातात भाड्याचा दर नसतो. खरं तर १९४ व्या कलमात चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणाराही आहे. माल भरून देणारा व्यापारी, मजूर बोलावणारा वावरमालक, मुकादम, सगळे त्यात येऊ शकतात. काट्याची पावती त्यांच्याच हातात असते. एखाद्या व्यापाऱ्याला या कलमाखाली पकडल्याचं मी माझ्या काट्यावर कधी ऐकलं नाही.

त्याच कायद्यातली दुसरी गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. माल जास्त झाला तर वीस हजारांपासून पुढे. माणसं जास्त झाली तर १९४ (अ) कलमाप्रमाणे माणशी २०० रुपये. नऊ माणसं जादा बसवली, १,८०० रुपये. पाचशे किलो सोयाबीन जास्त भरलं, वीस हजार. वास्तविक ११३ वं कलम ‘कोणतीही मोटारगाडी’ म्हणतं, प्रवासी गाडीला त्यातून सूट नाही. काळीपिवळीला काट्यावर नेऊन तिचंही वजन बघता येतं. पण रस्त्यात मोजतात त्या फक्त सीटा. आमच्या स्टँडवरही तीच भाषा आहे: ‘चला, दोन सीट अंजनगाव, दोन सीट.’ माणूस सीट झाला की त्याचं वजन संपतं. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये पाटी असते, ६ व्यक्ती, ४०८ किलो. माणशी ६८. तिथे दोन्ही लिहिलेलं असतं, माणसंही आणि किलोही, आणि जास्त झालं की लिफ्ट वाजते आणि जागची हलत नाही. जीपला तसं काही नाही. तिला माणसांबरोबर पोती, कोंबड्यांचे खुराडे, सिलिंडर, टपावरची सायकल, सगळं एकाच सीटमध्ये धरायचं असतं.

मग करायचं काय? माझ्या खिडकीतून जे दिसलं त्यावरून सांगतो. पावतीवर गाडीचा नंबर आजही छापला जातो. त्या नंबराची भरलेल्या आणि रिकाम्या वजनाची नोंद सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत आहे. पहिल्या आकड्याशेजारी फक्त ‘पासिंग’, म्हणजे आरसीवरचं भरलेलं वजन, हा एक रकाना छापा, जिनिंगमध्ये, बाजार समितीत, साखर कारखान्यात, सगळीकडे. काट्यांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतोच, त्यांच्या पडताळणीत हाही रकाना तपासा. पहिला एक हंगाम दंड करू नका. नुसतं छापा. शेतकऱ्याच्या, गाडीवाल्याच्या, व्यापाऱ्याच्या हातात तो कागद जाऊ द्या. माझा अनुभव आहे की आकडा शेजारी दिसला की माणूस वाचतो. त्या पिकअपच्या पोराने त्यानंतर दुसरी स्टेपनी आणि एक जादा पाटा काढून टाकला, कट्टे बावीसवर आणले. सतरा नाही, बावीस. तरी सहा कट्टे, म्हणजे साडेतीनशे किलो, कमी झाले. पुढच्या हंगामात दंड करायचाच तर ज्याने माल भरून दिला त्याच्यापासून सुरू करा. ११४ व्या कलमाप्रमाणे रस्त्यात पुढे १० किलोमीटरच्या आत काटा असेल तर अधिकारी गाडी तिथे न्यायला लावू शकतो. आमच्या कापसाच्या पट्ट्यात १० किलोमीटरच्या आत काटा नाही अशी जागा शोधावी लागेल.

मजुरांसाठी मात्र रकाना छापून भागणार नाही. तिथे माणसं न्यायची गाडीच हवी. वेचणीच्या आणि सोंगणीच्या दोन-तीन महिन्यांत पहाटे गावावरून निघणाऱ्या आणि संध्याकाळी परत सोडणाऱ्या एसटीच्या गाड्या हव्यात, आणि त्यांचा खर्च वावरमालक आणि सरकार यांनी वाटून घ्यावा. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे, बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. या सवलती चांगल्या आहेत, माझी आई त्यांचा लाभ घेते. पण सवलतीत चढायलाही आधी बस लागते. आमची शकुंतला, छोटी रेल्वे, बंद पडली. २०२१ च्या हिवाळ्यात एसटीचा संप लागला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्यात ज्या फेऱ्या गेल्या त्यातल्या आमच्या रस्त्यावरच्या काही अजून परतलेल्या नाहीत. माणूस टपावर बसतो तो हौसेने बसत नाही.

एका बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मी एका काळीपिवळीच्या ड्रायव्हरला हात दाखवला आणि गाडी काट्यावर घ्यायला लावली. काटा रिकामा होता, पैसे मी भरतो म्हटलं. आत आणि टपावर मिळून एकोणीस माणसं, ड्रायव्हर धरून. टपावर बाजाराच्या थैल्या, एक गव्हाचं पोतं, लोखंडी पेटी. आरसीवर ९ अधिक १, म्हणजे नऊ प्रवासी आणि ड्रायव्हर, भरलेलं वजन २,६१०. डब्यावर आकडा स्थिरावला तो ३,१६०.

“माय, उतरता काय जरा,” मी दाराशी बसलेल्या म्हातारीला म्हटलं. ती उतरली. काट्यावरून खाली पाय ठेवला तसा आकडा ३,१२० झाला. ती मागे वळून डब्याकडे बघत राहिली. मग तिचा नातू उतरला, मग टपावरचे दोघं, मग कडेवर पोर घेतलेली एक बाई. प्रत्येकाबरोबर आकडा उतरत होता, साठ, ऐंशी, पन्नास. लोक मोठ्याने वाचायला लागले. दहा जण खाली आले तेव्हा डब्यावर २,६०० दिसले.

दहा माणसं आमच्या काट्याच्या कडेला उभी होती. दिवे लागायची वेळ झाली होती. कायद्यात लिहिलं आहे की जादा प्रवासी उतरवून त्यांना दुसरी गाडी करून दिल्याशिवाय ती गाडी हलू द्यायची नाही. मी रस्त्याकडे बघितलं. त्या वेळेनंतर त्या रस्त्याला दुसरी गाडी नव्हती, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. कोणी काही बोललं नाही. आधी टपावरचे दोघं चढले, मग बाई पोराला घेऊन, मग बाकीचे, मग नातू. म्हातारी सगळ्यात शेवटी चढली, चढताना परत एकदा डब्याकडे बघितलं. ३,१६०. ड्रायव्हरने दार ओढून घेतलं.

मी पावती छापली. ती अजून माझ्याकडे आहे.